गुरुवारची कबुतरं

दिना तळकरनं बंदूक हातात घेतली ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, आणि तीही एका म्हाताऱ्याचा पाय बरा झाला म्हणून. ऐकायला वेडगळ वाटतं, मान्य आहे. पण एकट्या बाईच्या आयुष्यात गोष्टी अशाच आडवाटेनं येतात.

दिना डिस्ट्रिक्ट नर्स होती. केंब्रिजहून ईलीला यायचं, तिथून आणखी सात मैल गेलं की काळ्या मातीचा सपाट मुलूख लागतो. टेकडी नाही, झाडी बेताची, नुसते पाण्याचे सरळसोट चर आणि वर भलंमोठं आभाळ. तिथल्या चार गावांच्या जखमा, इंजेक्शनं आणि बाळंतिणी तिच्याकडे होत्या. फिरायला कौन्सिलची मॉरिस मायनर, राहायला कौन्सिलचंच दोन खोल्यांचं कॉटेज. मूळची ती अलिबागकडची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी ज्यू. मुंबईच्या इस्पितळात शिकली आणि साठ साली इंग्लंडला आली. पुढे आईवडील गेले, भाऊ सियोन बायकामुलांना घेऊन इस्राएलला गेला आणि दिना इथेच राहिली. का राहिलीस, असं कोणी विचारलं असतं तर तिला धड सांगता आलं नसतं. पण विचारलंच कोणी नाही.

लोक वाईट होते असं नाही हं. आल्या आल्या त्यांनी तिला बोलावलं होतं की. पण दिना कोशर पाळायची, म्हणजे ज्यू धर्माला चालतं तेवढंच खायची, अगदी काटेकोर. नर्सेसच्या होस्टेलमध्ये सकाळी सॉसेज आलं, ती नको म्हणाली. चर्चच्या बायकांनी ख्रिसमसला डुकराची तंगडी कापली, ती नको म्हणाली. चिप्स चरबीत तळलेल्या, म्हणून त्याही नको. माणूस किती वेळा नको ऐकून घेईल? दोनदा, फार तर तीनदा. मग बोलावणं थांबतं, आणि कोणी भांडलेलं नसतं, त्यामुळे समजूत तरी कोणाची काढायची? महिन्यातून एकदा ती लंडनला जाऊन कोशर खाटकाकडून चार कोंबड्या आणायची, एरवी मासे आणि अंडी. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावायची, आणि समोरच्या खुर्चीवर तिची पर्स ठेवलेली असायची.

आर्थर थर्लो तिचा पेशंट. बाहत्तर वर्षांचा, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, गावाबाहेर ब्रसेल्स स्प्राउट्सचं, म्हणजे लिंबाएवढ्या कोबीचं, आठ एकर शेत आणि उजव्या पायाला न भरणारी जखम. एकाहत्तर सालच्या जानेवारीपासून दिना आठवड्यातून दोनदा त्याच्याकडे ड्रेसिंगला जायची. दर वेळी तो चहा करायचा. तिनं पहिल्याच दिवशी बिस्किट नको म्हटलं, तर त्यानं डबा बंद केला आणि पुन्हा काढलाच नाही. पण चहा मात्र चुकला नाही. दोघं स्वयंपाकघरात बसून पावसाबद्दल बोलायची. बस्स, एवढंच. पण सोमवार आणि गुरुवार आला की दिना टोपी जरा नीट घालायची, हे मी तुम्हाला सांगतो. ती स्वतः कधी कबूल करणार नाही.

ऑक्टोबरमध्ये जखम भरली. नर्सला यात आनंद व्हायला हवा. दिनानं शेवटची पट्टी काढली, खाली गुलाबी कोवळी कातडी पाहिली आणि काढलेली पट्टी उगाचच नीट गुंडाळत राहिली.

"म्हणजे आता यायचं कारण नाही," ती म्हणाली.

थर्लोनं मोजा वर ओढला आणि म्हणाला, "नर्स, गुरुवारी दुपारी तुमची सुट्टी असते ना? माझ्या स्प्राउट्सवर रानकबुतरं पडतात. सगळा माल ओरबाडून खातात. मला आता पूर्वीसारखा नेम धरता येत नाही. तुम्हाला शिकवतो."

दिनानं आयुष्यात झुरळाखेरीज काही मारलं नव्हतं. तिनं ताबडतोब हो म्हटलं.

परवाना लागायचा. पोलिसांचा फॉर्म आणला, त्यावर डॉक्टरांची सही घेतली. डॉक्टरांनी फॉर्म दोनदा वाचला, तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि काही न विचारता सही ठोकली. थर्लोनं माळ्यावरून हलकी, एकनळी बंदूक काढली, ती त्याच्या बायकोची होती. दिनाच्या खांद्याला ती बरोबर बसली.

शिकायचं म्हणजे काय, तर आधी बसायला शिकायचं. चराच्या काठावर जुनं जाळं, काट्याकुट्या आणि गवताच्या पेंढ्या लावून त्यानं लपण केलं होतं. आत दोन उलट्या बादल्या. तिथे चार चार तास बसायचं. पाय हलवायचा नाही, नाक पुसायचं नाही, वर तर मुळीच बघायचं नाही, कारण गोरा चेहरा कबुतराला मैलभरावरून दिसतो. थर्लो बूच जाळून त्याची काजळी तोंडाला फासायचा. पहिल्या दिवशी त्यानं स्वतःचं तोंड काळं केलं, बूच तिच्यापुढे धरलं, तिच्याकडे पाहिलं आणि गुपचूप परत खिशात घातलं. दिनाला एवढं हसू आलं की त्या दिवशी एकही पाखरू उतरलं नाही.

मग मांडणी. आधीची मेलेली दोन-तीन कबुतरं शेतात जिवंत चरत असल्यासारखी ठेवायची, हनुवटीखाली बेचकीची काडी, तोंडं वाऱ्याकडे. वरून जाणाऱ्या थव्याला वाटलं पाहिजे, अरे वा, खाली आपली माणसं जेवायला बसलीत. आणि मग साद. दोन्ही तळव्यांची ओंजळ करायची, अंगठ्यांमधल्या फटीतून फुंकायचं आणि कबुतरासारखं पाचदा घुमायचं, दुसरा सूर जरा लांबट. दिनाला आठवडाभर नुसती हवाच जमली. ती गाडीत सराव करायची, अंघोळीला पाणी तापेपर्यंत करायची. एके दिवशी एका बाळंतिणीकडे पाणी उकळायची वाट बघता बघता तिनं ओंजळीत फुंकलं आणि आतून असा गोल, भरलेला आवाज निघाला की बाळंतीण म्हणाली, "नर्स, खिडकीत कबुतर आलंय वाटतं."

पहिलं कबुतर नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी. तिनं साद घातली, आभाळातून एक पाखरू वळलं, पंख आवळून सरळ त्या मेलेल्या सोबत्यांकडे यायला लागलं. "आता," थर्लो कुजबुजला. दिना उठली, नळी त्याच्या चोचीपुढे नेली, घोडा ओढला. ते पडलं. मानेवरचा पांढरा पट्टा, छातीचा जांभळट गुलाबी रंग, अजून गरम. आपल्या हाकेला ओ देऊन आलेलं पहिलंच कोणी, आणि त्याला आपण मारलं, असं तिच्या मनात आलं आणि तिला फार वाईट वाटलं. पण थर्लोचा हात तिच्या खांद्यावर होता आणि तो म्हणत होता, "शाबास, नर्स." तिला दोन्ही एकदम वाटत होतं, आणि खोटं कशाला बोला, शाबासकीचं पारडं जड झालं.

मग त्यानं ते कबुतर वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या हातात दिलं. "आमचा नियम आहे," तो म्हणाला. "जे मारायचं ते खायचं. वाया घालवायचं असेल तर मारू नये."

आता बघा. गोळी घालून पाडलेलं पाखरू दिनाला कसं चालणार? धारदार सुरीनं, जाणत्या माणसानं, रीतीप्रमाणे कापलेलं असेल तरच ते खायचं. गावाकडे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे हझान ते काम करायचे. हे मेलेलं पाखरू तिच्या लेखी मांसच नव्हतं. एवढं सांगायला काय झालं होतं? एक वाक्य. पण ते वाक्य कुठून सुरू होतं हे तिला ठाऊक होतं, 'नको' पासून. आणि त्या 'नको'नंतर काय होतं, तेही तिनं अकरा वर्षं भोगलं होतं.

"थँक्यू," ती म्हणाली आणि कबुतर घेतलं.

घरी येऊन तिनं कोळशाच्या फावड्यानं मागच्या कुंपणापाशी खड्डा केला आणि ते वर्तमानपत्रासकट पुरलं. मग हात धुऊन अंडं उकडलं.

पुढच्या गुरुवारी त्यानं विचारलं, "कसं झालं होतं?" तोंडातून निघून गेलं, "छान. नारळात केलं." एकदा सुरुवात झाली की खोट्याला चांगले पाय फुटतात. हिरवी कोथिंबीर, लसूण, आलं, मिरची वाटायची, कांदा परतायचा, नारळाचं दूध घालून मंद शिजवायचं, वरून कोकम. आई कोंबडीचं करायची तेच तिनं कबुतराला लावलं. लपणात बसून ती हळू आवाजात सांगायची आणि थर्लो डोळे मिटून ऐकायचा. दर गुरुवारी तो मारलेल्यांतली दोन किंवा तीन कबुतरं तिला द्यायचा, दर गुरुवारी ती एक नवीन रेसिपी सांगायची आणि दर गुरुवारी संध्याकाळी फावडं घ्यायची. जानेवारीत जमीन गोठली तेव्हा उकळतं पाणी ओतून खणावं लागलं. तिला लाज वाटायची. पण शुक्रवारपासून ती पुढच्या गुरुवारची वाट बघायची, त्याला काय करणार? फेब्रुवारीपर्यंत कुंपणाखाली एकतीस कबुतरं झाली.

आणि मग अंगाशी आलं. एका गुरुवारी बंदुका पुसता पुसता थर्लो म्हणाला, "नर्स, ते नारळातलं मला एकदा खायला घालाल का? तुमच्याकडे येईन. मला थोडं बोलायचंही आहे."

त्या घरात सात वर्षांत कोणी जेवायला आलं नव्हतं. दिनाला आनंद झाला की भीती वाटली, तिचं तिलाच कळेना. रविवारी दुपारी एकचं ठरलं.

त्या गुरुवारची कबुतरं तिच्या भांड्यांत शिजवायची म्हणजे भांडी बाटली. म्हणून ईलीहून नवीन पातेलं आणलं, नवीन डाव, नवीन सुरी, एक प्लेट आणि एक काटा-चमचा. खाणकामगारांच्या संपामुळे वीज कधी जाईल याचा नेम नव्हता, पण तिच्याकडे गॅस होता. टिनमधला नारळ, लंडनहून आणलेली कोथिंबीर, सोबत भात, सगळं केलं. रश्श्याला रंग सुरेख आला. घरभर वास सुटला, आणि इतक्या वर्षांनी त्या घराला पाहुण्याचं घर असल्याचा वास आला. फक्त एक करता येत नव्हतं. चव बघता येत नव्हती.

थर्लो टाय लावून आला. हातात फुलं नव्हती, जळणाच्या लाकडांचं पोतं होतं. संपाच्या दिवसांत त्याला फुलांहून जास्त मोल. त्यानं शेकोटी पेटवून दिली आणि टेबलाशी बसला. दिनानं त्याला भातावर रस्सा वाढला आणि स्वतःपुढे ऑम्लेट घेतलं. "आज पोट बरं नाही," ती म्हणाली.

त्यानं पहिला घास घेतला. चावला. गिळला. मग मीठदाणी उचलून मीठ घातलं. दुसरा घास घेतला आणि पुन्हा घातलं, या वेळी बरंच.

दिनाला चूक उमगली. कोशर मांस रक्त काढायला आधी मिठात मुरवून धुतलेलं असतं. म्हणून तिच्या घरी रश्श्यात मीठ घालायचं ते चिमूटभरच. आईनं लावलेली सवय; हात चिमटीवर थांबला आणि चव बघायला जीभ नव्हती. कबुतर अगदी अळणी झालं होतं.

तेवढ्यात थर्लोच्या दाताखाली कट्‌कन काही आलं. त्यानं ते बोटानं काढून प्लेटच्या कडेला ठेवलं.

"अगं बाई, खडा आला?" दिना म्हणाली, आणि मग घाईघाईनं इंग्रजीत, "तांदळातला असेल. सॉरी, मिस्टर थर्लो."

"छर्रा आहे," तो म्हणाला. "काडतुसातला. प्रत्येक कबुतरात दोन-तीन निघतात." त्यानं काटा खाली ठेवला. "एकतीस खाल्लीत तुम्ही, नर्स. तुमच्या दाताखाली एकही आला नाही?"

मग तिनं सांगितलं. सुरीचं, रीतीचं, कुंपणाचं, फावड्याचं, सगळं. थर्लो ऐकत होता. या वेळी त्याचे डोळे उघडे होते.

"चांगली पोसलेली मी तुम्हाला देत होतो," तो शेवटी म्हणाला. "उरलेल्यांत छातीवर काही नसायचं. ती खाऊन पोट भरायचं नाही, मग मी रात्री टोस्ट खायचो. मला वाटायचं, तिकडे कोणीतरी नारळात शिजवून जेवतंय, बरं आहे."

दिनाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हातारा रागावला असता तर तिनं सोसलं असतं. तो रागावला नाही. त्यानं प्लेट साफ केली, हाडं एका बाजूला रचली, प्लेट स्वतः धुतली आणि कोट चढवला. ज्याबद्दल बोलायचं होतं ते बोलला नाही. दारात म्हणाला, "गुरुवारी या."

आणि हेच दिनाला कळलं नाही. इथले लोक "एकदा या हं घरी" म्हणतात आणि दार लावतात, हे ती शिकली होती. पहिल्या वर्षी ती अशा तीन घरी खरंच गेली होती आणि तिन्ही ठिकाणी यजमानांचे चेहरे बघून परत आली होती. तेव्हापासून तिनं मनाशी गाठ बांधली होती: तारीख आणि वेळ सांगितली तरच खरं, बाकी सगळं निरोपाचं बोलणं. आता त्यानं वार सांगितला होता, पण ती इतकी ओशाळली होती की तेही तिनं निरोपाचंच बोलणं धरलं. पुढच्या गुरुवारी तिनं कपाटं आवरली. त्याच्या पुढच्या गुरुवारी पडदे धुतले. तिसऱ्या गुरुवारी आवरायला काही उरलंच नव्हतं, म्हणून ती नुसती बसून राहिली, आणि दुपार काही केल्या संपेना.

चौथ्या गुरुवारी ती उठली. फार तर काय, तो तोंड फिरवेल. घरी बसून तरी कोण तोंड दाखवत होतं? तिनं गाडी काढली.

लपणात थर्लो होता. तोंडाला काजळी, मांडीवर बंदूक, शेजारची बादली रिकामी. शेतात कबुतरं मांडलेली. दिना जाळ्याबाहेर उभी राहिली.

"तीन आठवडे वाट बघितली," तो म्हणाला. "मी गुरुवारी या म्हटलं होतं."

"इथले लोक असंच म्हणतात. मला वाटलं, तुम्ही फक्त बरं दिसावं म्हणून म्हणालात."

"आठ एकरांतली कबुतरं हाकलायला मला माणूस लागत नाही, नर्स. एक डबा वाजवला तरी उडतात. बंदूक कशाला दिली तुम्हाला?"

दिनाचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत, कारण लपणात हात हलवायचा नाही ही शिस्त आता अंगात मुरली होती. "माझं इथे कोणी नाही, मिस्टर थर्लो," ती म्हणाली. अकरा वर्षांत हे वाक्य तिनं स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. "तुम्ही दिलेलं नको म्हटलं असतं तर तुम्ही पण गेला असता."

थर्लोनं शेजारची बादली तिच्याकडे सरकवली. ती बसली. तो समोर शेताकडे बघत म्हणाला, "जायचं तर आहेच मला. त्या रविवारी तेच सांगायला आलो होतो. लेस्टरहून माझी मुलगी येतेय, मार्गरेट. शेत विकलं. ईस्टरच्या शनिवारी ती मला घेऊन जाणार. पाय पुन्हा फुटला तर इथे बघायला कोण, असं तिचं म्हणणं."

दिनानं मनात मोजलं. आजचा धरून तीन गुरुवार उरले होते. तीनच तिनं कपाटं, पडदे आणि रिकाम्या खुर्चीवर घालवले होते.

"आज साद तुम्ही घाला," थर्लो म्हणाला. "बंदूक माझी मी बघतो."

तिनं ओंजळ केली, फुंकलं. दोन वेळा आवाज फुटलाच नाही. तिसऱ्या वेळी आला. एक कबुतर वळलं, थर्लोनं ते पाडलं, जाऊन उचलून आणलं आणि सवयीनं वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्यापुढे धरलं.

"नको," दिना म्हणाली. "मला चालत नाही."

"बरं," असं म्हणून त्यानं ते आपल्या पिशवीत टाकलं आणि थर्मासमधला चहा ओतून तिला दिला. एवढं सोपं होतं ते. नोव्हेंबरातही ते एवढंच सोपं गेलं असतं, हे दिनाला तेव्हा कळलं, आणि तिच्याकडे आता फक्त दोन गुरुवार होते.